एक प्रत लेकीच्या घरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा ८८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. नातू पुण्यात नोकरीला. त्याला आजोबांची जीवनकहाणी पुढच्या पिढ्यांसाठी डिजिटल स्वरूपात जपायची आहे. ऑडिओ करू की व्हिडिओ, ॲप कोणतं घेऊ, आणि हे पन्नास वर्षं टिकेल का, असं तो विचारतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मी स्वतः ठेच लागून शिकलो.

लातुरात माझा फोटो स्टुडिओ होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपेतल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी लोक स्टुडिओत यायला लागले. फोटो काढायला नव्हे. "आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह आहेत का बघा की," असं म्हणत दारात उभे राहायचे. बायकोचा, आईचा, धाकट्या भावाचा एकही फोटो उरलेला नाही, ट्रंकेसकट सगळं ढिगाऱ्यात. काही निगेटिव्ह मला सापडल्या. बऱ्याच सापडल्या नाहीत, कारण डबे भरले की जुन्या निगेटिव्ह टाकून द्यायची आमची रीत होती.

मग फोटो सापडले कुठं? लेकींच्या सासरी. उदगीरला, बार्शीला, सोलापूरला दिलेल्या लेकींनी माहेरच्या लग्नातले दोन-चार फोटो मागून नेले होते. तेच उरले. मी त्यांच्यावरून पुन्हा फोटो काढून मोठे करून दिले.

तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं आहे: पन्नास वर्षं टिकेल का हे ॲप ठरवत नाही, एक प्रत लेकीच्या घरी आहे का यावर ते ठरतं. संगणकवाले हेच जरा शिस्तीत सांगतात: तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असू द्या. तुमच्या बाबतीत एक प्रत पुण्यात हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्क आत्याच्या घरी. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, कपाटात दहा वर्षं ठेवायची नाही. हार्ड डिस्कसुद्धा वर्षातून एकदा जोडून, दोन-चार फाइली उघडून बघायची. पाच-सहा वर्षांनी नवी घ्यायची आणि सगळं तिच्यावर उतरवायचं. दिवाळीच्या साफसफाईत हे काम बसवलं तर विसरत नाही.

सीडीबद्दल एक कबुली. २००५ ते २०१० या काळात मी गावोगावच्या लग्नांच्या, साठी-पंच्याहत्तरीच्या सीड्या करून दिल्या आणि देताना छातीठोकपणे सांगितलं, "आता काळजी नको, कॅसेटला बुरशी लागते, हिला काही होत नाही." आज तेच लोक त्या सीड्या घेऊन येतात. काहींवरचा चकाकता थर सुटलाय, काही चांगल्या आहेत पण लावायला घरात ड्राइव्हच नाही. म्हणजे तुमच्या घरी सीड्या आणि कॅसेटा असतील तर आजोबांच्या आधी त्यांचं काम करा. आजोबा थांबतील असं नाही, पण कॅसेटवर जो आवाज आहे तो माणूस तर गेलेलाच असतो, त्याला पुन्हा बोलतं करता येत नाही.

आता मुख्य काम. "आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा," असं कधीही म्हणू नका. निवृत्त शिक्षकाला तर मुळीच नाही. ते खुर्ची सरळ करून भाषण देतील: जन्म अमुक साली, गरिबीत शिक्षण, नोकरी, मुलं मार्गी लागली. वीस मिनिटांत आयुष्य संपतं आणि तुमच्या हाती सत्काराच्या कार्यक्रमात वाचतात तसला परिचय येतो. त्यापेक्षा हातात एक वस्तू द्या आणि एकच प्रश्न विचारा. अडकित्ता, जुना फोटो, शाळेचा दाखला, घागर, काहीही चालतं. "ही घागर कोणत्या विहिरीवर जायची?" असं विचारलं की विहीर येते, विहिरीवरची भांडणं येतात, कोणाला पाणी भरू द्यायचे आणि कोणाला नाही तेही येतं. मग तुम्ही गप्प बसायचं. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायची घाई होते, ती आवरा. त्या थांबण्यानंतर जे येतं ते बहुतेक वेळा आधी कुणाला सांगितलेलं नसतं.

तुमच्या आजोबांचं वय बघता त्यांच्याकडं असं काही आहे जे आता फार थोड्यांकडं उरलंय. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे असणार. म्हणजे मोगलाई, निजामाची राजवट, डोळ्यांनी पाहिलेली शेवटची पिढी. शाळेत उर्दू शिकावीच लागे, तेव्हा पाटीवर अलिफ-बे गिरवलेलं असेल, त्यांना आजही लिहून दाखवायला सांगा आणि हात चालताना व्हिडिओ काढा. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांत काय फरक, बाजारात कोणता कसा चालायचा, हे विचारा. अमीन, गिरदावर, पटवारी हे सरकारी अंमलदार गावात आले की काय व्हायचं? रझाकारांच्या भीतीनं घरातलं कोण कुठं गेलं? बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत ते कधी बसले होते का? पुस्तकात तारखा मिळतात. त्या रात्री आईनं गाठोड्यात काय बांधलं, हे पुस्तकात मिळत नाही.

तारखांवर मात्र विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस हटकून १ जूनला येतो, तो गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेला असतो. तुमचे आजोबा स्वतः शिक्षक, त्यांनी किती पोरांना १ जूनला जन्माला घातलं हे विचारा, छान हसतील. खरं साल काढायचं तर मोठ्या घटनांचा आधार घ्यावा लागतो. थोरल्या बहिणीचं लग्न पोलीस ॲक्शनच्या (१९४८ ची हैदराबादवरची लष्करी कारवाई) आधी की नंतर? थोरली आत्या बहात्तरच्या दुष्काळात किती मोठी होती, सुकडी खायची की अंगावर पीत होती? नाथसागरात कोणा पाहुण्यांचं गाव गेलं तेव्हा घर बांधून झालं होतं का? (जायकवाडी पूर्ण झालं १९७६ ला.) १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नोकरी कोणत्या गावी होती? किल्लारीच्या पहाटे कोण कुठं झोपलं होतं? असे चार-पाच खुंटे ठोकले की बाकीचं साल आपोआप जागेवर येतं. जुन्या कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या काळातलं सरकारी साल, असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास निघतो: १३५४ फसली म्हणजे १९४४-४५. कागद उर्दू किंवा मोडीतला असेल तर आजोबांकडून आत्ताच मोठ्यानं वाचून घ्या आणि ते वाचनच रेकॉर्ड करा. उद्या वाचणारा माणूस शोधत फिरावं लागेल.

प्रश्नात आजीचा उल्लेख नाही. त्या असतील तर काम दुप्पट करा. नसतील तर त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा शोधा. बाईला मुलाखतीला बसवलं की ती पदर सावरून म्हणते, "मला काय कळतंय, त्यांनाच विचारा." म्हणून बसवायचंच नाही. वाती वळताना, लसूण सोलताना, नातीची वेणी घालताना फोन बाजूला ठेवून द्यायचा. रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगायचं, चोरून काही करायचं नाही, पण सांगितल्यावर पाच मिनिटांत ती ते विसरते. जात्यावरच्या ओव्या आठवतात का विचारा. पहिली ओवी अडखळत येते, तिसरीला सूर लागतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या बऱ्याच आज 'पारी' या इंटरनेटवरच्या संग्रहात वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात, आणि त्यांत परभणी-बीडकडच्या बायकाही आहेत. आजीला त्यातल्या दोन ओव्या ऐकवा. "आमच्यात अशी नव्हती म्हणत," असं म्हणून ती स्वतःची सुरू करते. हा डाव माझा फार वेळा साधलाय.

ऑडिओ की व्हिडिओ? ऑडिओ भरपूर, व्हिडिओ थोडा. कॅमेरा समोर असला की माणूस ताठ होतो. शिवाय ऑडिओ हलका असतो: सीडीच्या दर्जाची एकपदरी (मोनो) वेव्ह (.wav) फाइल तासाला साधारण ३०० एमबी होते, म्हणजे वीस तासांचं बोलणं सहा-साडेसहा जीबीत मावतं. तेवढ्याच तासांचा व्हिडिओ शंभर जीबीच्या आसपास किंवा वर जातो. व्हिडिओ हातांसाठी ठेवा: विडा लावताना, उर्दू लिहिताना, शेतात बांध दाखवताना, घरात फिरून "इथं बाळंतिणीची खोली होती" असं सांगताना. ॲपचं म्हणाल तर फोनमध्ये आधीच असलेला रेकॉर्डर पुरतो. सेटिंगमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडा. वेव्ह मिळालं तर उत्तम, नाहीतर जी फाइल फोन बनवतो ती मूळ म्हणून तशीच ठेवा, तिची पुन्हा पुन्हा रूपांतरं करू नका. 'जीवनकथा जपा' म्हणून पैसे घेणारी ॲपं बघितली तर एकच गोष्ट विचारा: माझ्या फाइली मला एकगठ्ठा, साध्या स्वरूपात परत उतरवून घेता येतात का? उत्तर गोलमोल असेल तर सोडून द्या.

आवाजाचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्याकडं कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या माणसाला पंखा-कूलर बंद करून बसवणं हा छळ आहे, म्हणून हे काम दिवाळी ते शिवरात्र या दिवसांत करा, सकाळच्या चहानंतर, कवळी आणि कानाचं यंत्र लावून झाल्यावर. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कुणाचा तरी कॉल घुसतो. टेबलावर घडी घातलेली चादर, तिच्यावर फोन, तोंडापासून हातभर अंतरावर. कॉलरला लावायचा वायरचा माइक घेतलात तर फरक लगेच कानाला कळतो. पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा. मी एकदा अख्खा दीड तास माइकची पिन अर्धवट बसलेली ठेवून रेकॉर्ड केलाय, त्यात फक्त खरखर आहे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर एका बैठकीत जाऊ नका. आणि सुरुवातीलाच स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण बसलंय हे म्हणा. फाइलचं नाव बदललं, हरवलं, तरी ही ओळख आवाजातच चिकटलेली राहते.

फाइलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख, मग माणूस, मग विषय. 'आजोबा न्यू फायनल २' असलं काही नको. फोटोंसाठी साधा सपाट स्कॅनर, लहान फोटो ६०० डीपीआयला, कागदपत्रं ३०० ला. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. फोटोतल्या माणसांची नावं हे खरं काम आहे. आजोबांसमोर फोटो ठेवा, डावीकडून एकेक नाव विचारा, तेही रेकॉर्ड करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढं उमटतं. आणि मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं, असं समजणारे मला आठवड्याला भेटतात.

लिहून काढायच्या कामाला आता यंत्राची मदत होते, गूगल डॉक्समध्ये मराठी बोललेलं टाइप होतं. पण आजोबा "मी जायलोय" म्हणाले तर यंत्र गडबडतं, आणि मग आपण ते "मी जात आहे" असं करून टाकतो. करू नका. नातवाच्या नातवाला प्रमाण मराठी कुठंही वाचायला मिळेल, "काय करायलास रे" असं म्हणणारा पणजोबा फक्त तुमच्याकडं आहे. टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे कोणत्याही फोनवर-संगणकावर मराठी मराठीच दिसतं. माझ्याकडं पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या आठवणींच्या फाइली येतात. उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. जमलं तर शेवटी शंभर पानांचं पुस्तक छापून दहा घरांत वाटा. कागद हेही साठवणुकीचं साधनच आहे, आणि त्याला चार्जर लागत नाही. त्यात क्यूआर कोड घालायचा तर हौसेनं घाला, त्याच्यावर विसंबू नका; ज्या पत्त्यावर तो नेतो तो पत्ता बंद झाला की उरतो ठिपक्यांचा चौकोन. हल्ली गेलेल्या माणसाच्या आवाजात नवं बोलणं तयार करून द्या अशी मागणीही येते. मी करत नाही. तुम्ही केलंत तर निदान मूळ रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये ते मिसळू नका.

आता जरा नाजूक गोष्ट. चांगलं बोलणं झालं की त्यात भावकी येतेच. "तो बांध आपलाच होता, त्यानं सरकवला," हे आजोबा सहज बोलून जातात आणि तो तुकडा ग्रुपवर गेला की दोन घरांचं बोलणं बंद होतं. हे मी घडताना बघितलंय. त्याहून जड गोष्टीही निघतात. ४८ च्या आधी रझाकारांनी काय केलं हे लोक सांगतात. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांचं काय झालं हे सांगताना आवाज खाली येतो. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला, तसं घराघरांतही बरंच काही बासनात आहे. अशा वेळी रेकॉर्डिंग थांबवू नका आणि कापूही नका. बैठक संपल्यावर आजोबांना शांतपणे विचारा: हे कुणी ऐकलं तर चालेल, आणि कधी? त्यांचं उत्तरही रेकॉर्ड करा. मग दोन फोल्डर करा, एक सगळ्यांसाठी, दुसरा 'आत्ता नको' असा, आणि तो कोणत्या सालानंतर उघडायचा ते नावातच लिहा. आधार, पासबुक, सात-बारा या कागदांना यात जागाच देऊ नका.

राहिला क्लाउड. वीस तासांचा ऑडिओ आणि फोटो गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत बसू शकतात, पण ती जागा तुमच्या मेलशी वाटून घेतलेली असते. त्यापेक्षा या कामासाठी वेगळं खातं उघडा. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर गूगल ते खातं पुसून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून ते उघडत राहा आणि 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' हे सेटिंग आजच लावा: तीन ते अठरा महिन्यांची मुदत ठरवता येते आणि तेवढा काळ खातं पडून राहिलं तर ज्यांना फाइली मिळाव्यात अशा दहा जणांपर्यंत नावं देता येतात. ॲपलवर असाल तर तिथं माणूस गेल्यावर खातं कुणाला उघडता यावं ते ठरवणारं 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. खातं आजोबांच्या मोबाइल नंबरवर मुळीच उघडू नका. माणूस गेला की घरचे सिम बंद करतात, ओटीपी कुठं येणार? सगळं कुठं आहे, कसं उघडायचं, हे एका कागदावर हातानं लिहा आणि तो घराच्या खरेदीखताच्या फाइलीत ठेवा. ती फाइल कुणी टाकत नाही. वारस म्हणून एक नाव तुमचं असेल, दुसरं तुमच्यापेक्षा लहान कुणाचं तरी घाला, आत्याची नात वगैरे.

आणि गावी निघण्याआधी आत्याला फोन करा. तुमच्या घरात नसलेला एखादा फोटो तिच्या कपाटात हमखास निघेल. पहिल्या बैठकीला आजोबांच्या हातात तोच द्या.